जुन्या शिकारी रायफलींचें मोलमाप

ज्या वाड्यांतून जुनीं दप्तरें हातीं लागतात, त्यांपैकीं कित्येकांत एखादी जुनी शिकारी रायफलही असते. दप्तर जपून ठेवावें हें आतां बहुतेकांस पटलें आहे. रायफल मात्र विकण्यापूर्वीं घासून चकचकीत करण्याची चाल अद्यापि आहे. त्या घासण्यांतच तिचें बरेंचसें मोल नाहींसें होतें. आमच्या मतें रायफल ही पोथीप्रमाणें वाचावयाची वस्तु आहे. तिचें मोल पोलादांत थोडें व पुराव्यांत फार.

प्रथम नळीवरील कारखानदाराचें नांव व अनुक्रमांक पाहावा. नांव मागाहून कोरतां येतें; म्हणून त्यास अनुक्रमांकाचा आधार पाहिजे. लंडनच्या कांहीं नामांकित कारखानदारांच्या जुन्या खतावण्या शाबूत आहेत. रायफल कोणत्या सालीं, कोणत्या बोराची व कोणासाठीं केली, हें त्यांतून कळूं शकतें. दस्त्यावर संस्थानिकाचें राजचिन्ह असून खतावणींत गिऱ्हाईक भलतेंच असेल, तर दुसऱ्या पुराव्यावांचून त्या चिन्हास वाढीव किंमत देऊं नये. समकालीन अस्सल कागदापुढें मागाहूनच्या शिक्क्याची मातबरी ती काय?

पुढें परीक्षेचे ठसे पाहावे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीस १६३७ सालीं सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं स्थापन झालें. नळी काळ्या दारूसाठीं पारखली कीं बिनधुराच्या, हें ठशांवरून जाणत्यास समजतें. हा केवळ किंमतीचा प्रश्न नव्हे. काळ्या दारूच्या नळींत बिनधुराचें काडतूस घातल्यास ती फुटून जीव जाण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट मूळ स्थितीची. नळींतील आटे शाबूत आहेत काय, दस्ता कापून आखूड केला आहे काय, पोलादावरील झिलई मूळची आहे काय, हें तपासावें. नवी झिलई दिलेली रायफल म्हणजे हरताळ फासून वर नवीं अक्षरें लिहिलेली पोथी होय.

पुराव्यानें मोल कसें वाढतें, याचें उत्तम उदाहरण जिम कॉर्बेट यांची .२७५ बोराची रायफल. ती लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीनें मौझर पद्धतीवर बांधलेली असून घडणीनें एकमेवाद्वितीय नव्हे. परंतु तिच्या दस्त्यावर रुप्याची पट्टी आहे. १९०७ सालीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनीं ती दिली, असा त्या पट्टीचा आशय आहे. घाईनें वाचणारा हिनेंच वाघीण मारली असें समजेल. वस्तुतः हें बक्षीस त्या कृत्यानंतरचें. त्या शिकारींतील हत्यारें निराळीं होतीं, हें कॉर्बेट यांच्या १९४४ सालच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या ग्रंथावरून स्पष्ट होतें. पुरावा जेवढें सांगतो तेवढेंच मानावें, अधिक नव्हे.

शेवटीं बाजारभाव. विक्रेत्यानें मागितलेली किंमत प्रमाण न धरतां, त्याच कारखानदाराच्या, त्याच बोराच्या व तशाच स्थितीच्या रायफलीस लिलावांत प्रत्यक्ष काय आलें तें पाहावें. तथापि लंडनचा भाव येथें जसाच्या तसा लागू होत नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्यामुळें येथील गिऱ्हाईक परवान्यानें मर्यादित आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तु १९७२ च्या पुरावस्तुकायद्याखालीं येत असल्यास खासगी मालकास ती परदेशीं पाठवितां येत नाहीं.

तस्मात् संग्राहकांनीं रायफलीबरोबर तिची पेटी, पावत्या, जुने परवाने, शिकारीचीं टिपणें व छायाचित्रें एकत्र राखावीं. रायफल एकाकडे व कागद रद्दींत, अशी वाटणी झाली कीं दोहोंचीही साक्ष मुकी होते.