ठोकळ्यांची रचना आणि साहसकथा

दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात. दगडविटांवर पोते पसरून चिखल लिंपतात, बुरूज घडवितात, उतारावर हळीव पेरतात. परंतु तेवढ्याने किल्ला पुरा झाला असे ती मानीत नाहीत. शिखरावर महाराज बसले व दरवाज्यावर मावळे उभे राहिले, म्हणजेच त्यांचे समाधान होते. रचना आणि कथा यांच्या संयोगाची बालमनाला अशी उपजत ओढ असते. हीच ओढ आज पडद्यावरील काही खेळांतून प्रकट होत आहे. त्या खेळांना सरसकट दूषण देण्यापूर्वी त्यांचे स्वरूप शिक्षकाने समजून घेणे इष्ट होय.

ठोकळ्यांचे शैक्षणिक मोल नवे नाही. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्याने योजिलेल्या साधनांपैकी एक म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला लाकडी घन. मोडावे, पुन्हा जोडावे व त्यातून आकार ओळखावेत, हा त्यामागील हेतू होता. स्वीडनमध्ये तयार होऊन २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळाने हेच सूत्र पडद्यावर आणले. त्यात माती, दगड व लाकूड यांचे ठोकळे खणून काढून हवे ते रचता येते. मात्र घर कोणासाठी बांधावे, हे तो खेळ सांगत नाही.

हा प्रश्न जपानमधील ‘ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स’ या खेळाने हाती घेतला. १९८६ सालच्या मूळ ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या साहसखेळात दुष्ट राजा नायकाला अर्धे जग देऊ करतो. नायकाने तो मोह स्वीकारला असता तर पुढे काय झाले असते, या कल्पनेवर २०१६ सालचा हा नवा खेळ उभा आहे. त्यात जग उद्ध्वस्त झाले असून माणसे बांधण्याची कलाच विसरली आहेत. खेळणारा मूल ती कला परत आणतो. २०१८ सालच्या दुसऱ्या भागात बांधकामास बंदी घालणारा पंथ आहे. तेथील ओसाड गावात शेताला कुंपण घालून बुजगावणे उभे केले आणि बियाणे पुरविले, की गावकरी स्वतः पेरणीस लागतात. स्वयंपाकघर बांधून दिले की ते तेथे अन्न शिजवितात.

या खेळांच्या आकर्षणाचे मर्म येथे आहे. मुलाने रचलेली भिंत कोणाच्या तरी निवाऱ्याची होते. ‘आपण केलेले कोणाच्या तरी उपयोगी पडले’ हा अनुभव त्याला तत्काळ मिळतो. साहसकथा कामाला हेतू देते आणि काम कथेला पुढे नेते.

अर्थात या खेळांना मर्यादाही आहेत. पडद्यावरील भिंत ओळंब्याशिवाय सरळ उभी राहते. खऱ्या मातीचे वजन, तिचा ओलावा आणि तिचे ढासळणे हाताला कळत नाही. एका कामातून दुसरे काम निघत असल्यामुळे वेळेचेही भान राहत नाही. म्हणून पालकांशी विचारविनिमय करून वेळेचे बंधन ठरविणे अगत्याचे आहे.

परंतु या खेळांकडून शाळेनेही एक धडा घ्यावयास हवा. कार्यानुभवाच्या तासाला केलेले पुठ्ठ्याचे घर प्रदर्शनानंतर कपाटावर धूळ खात पडते, आणि पुढील वर्षी तेच मूल कंटाळून काम करते. त्याऐवजी शाळेच्या परसबागेसाठी मुलांनी खरे बुजगावणे करावे, वाफ्यांना कुंपण घालावे, पाखरांसाठी पाण्याचे भांडे टांगावे. पहिलीतील मुलांना कोणती वस्तू हवी आहे, हे चौथीतील मुलांनी विचारावे आणि ती करून द्यावी. प्रत्येक कृतीमागे गरजू माणूस व छोटीशी गोष्ट असावी. आपल्या हातच्या कामाची कोणाला तरी वाट आहे, हे ज्या मुलाला शाळेत कळते, त्याला ते समाधान केवळ पडद्यावर शोधावे लागत नाही.