थकलेल्या हातांतले काम

बाजारहत्नूर हे आमचे गाव तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यात आहे. घरी मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजाराच्या दिवशी गोंडीही कानावर पडावी, असा हा सरहद्दीचा मुलूख. येथे घोरणे हा कोणी आजार समजत नाही. तो पंगतीतल्या थट्टेचा विषय आहे. माझ्या घोरण्याची थट्टा घरात पंचवीस वर्षे चालली. पुढे दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागू लागला. एकदा मोटारसायकलवर डुलकी आली आणि मी रस्त्याकडेच्या कपाशीत जाऊन पडलो, तेव्हा मात्र मुलांनी मला शहरातील डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक रात्र अंगाला तारा लावून निजविले आणि सकाळी निदान सांगितले : स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडणे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत ते इतके सैलावतात की श्वासाची वाट मिटून जाते. छाती आणि पोट धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, एक मोठा घुरका येतो आणि झोप पुन्हा लागते. सकाळी उठल्यावर माणसाला यांतले काही म्हणजे काही आठवत नाही. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर तो एक प्रसंग धरतात. तासाला पाचाच्या आत प्रसंग असले तर चिंता नाही. तीस आणि त्यावर गेले की विकार तीव्र समजावयाचा. माझा आकडा बेचाळीस होता. रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी या विकाराचा जवळचा संबंध आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. ते नळीतून आणि नाकावरील मास्कमधून हवेचा मंद दाब रात्रभर देत राहते, आणि त्या दाबामुळे घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हा प्रयोग प्रथम केला. त्यासाठी त्यांनी घरातील धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी चालविली होती, असे सांगतात. १९८१ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आज ते यंत्र डब्याएवढे झाले आहे आणि त्याच्या कुशीत नखाएवढे एक कार्ड असते. आपण किती वाजता निजलो, श्वास किती वेळा अडला, हवा मास्कमधून किती गळली, याची नोंद ते कार्ड ठेवते. कित्येक यंत्रे तर प्रत्येक श्वासाची लहर टिपून ठेवतात.

आता गंमत पाहा. नोंद माझ्या श्वासाची, यंत्र माझ्या पैशाचे, पण ती वाचावयाची किल्ली माझ्याकडे नाही. यंत्राच्या पडद्यावर सकाळी दोनचार आकडे आणि एक हसरा चेहरा दिसतो, एवढेच. सविस्तर अहवाल पाहिजे असेल तर कार्ड घेऊन दवाखान्यात जा. बाजारहत्नूरच्या माणसाने त्यासाठी हैदराबादेस किंवा नागपुरास जावयाचे म्हणजे एक दिवस जाण्याचा, एक येण्याचा, आणि अहवाल पाहून डॉक्टर बोलणार पाच मिनिटे.

हीच अडचण ऑस्ट्रेलियातील मार्क वॉटकिन्स या आज्ञावलीकारास आली होती. आज्ञावली म्हणजे आपण सर्रास ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो ते. त्याला स्वतःलाच हा विकार होता. २०११ च्या सुमारास त्याने कार्डावरील नोंदी उलगडणारी एक आज्ञावली लिहावयास घेतली आणि तिला ‘स्लीपीहेड’, म्हणजे झोपाळू, असे थट्टेचे नाव दिले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. काही यंत्रांच्या नोंदी ईडीएफ या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या उघड पद्धतीत असतात. पण काहींच्या नोंदी कंपनीच्या गुप्त पद्धतीत असतात. तेथे एकेक अंक तपासावयाचा, कंपनीच्या अहवालाशी ताडून पाहावयाचा आणि अमुक अंक म्हणजे दाब, तमुक म्हणजे गळती, असा तर्क लढवावयाचा. मोडी लिपीतला फाटका कागद लावणाऱ्या संशोधकासारखेच हे काम आहे. फरक इतकाच की येथे दरवर्षी नवे यंत्र निघते आणि लिपीच बदलते.

आठ वर्षे त्याने हे सांभाळले आणि लोकांना ते फुकट वापरू दिले. जगभर हजारो रुग्णांनी ते वापरले. आणि मग जे घडावयाचे ते घडू लागले. फुकट मिळालेल्या वस्तूचे मोल माणसाला कळत नाही, असे मी म्हणणार नाही. मोल कळते, म्हणूनच तो अधीर होतो. माझे नवे यंत्र का चालत नाही, अमुक आलेख का नाही, दुरुस्ती कधी होणार, असे प्रश्न रोज येत राहतात, आणि उत्तर देणारा माणूस एकच असतो. आमच्या तेलंगणात निजामी अमलात वेट्टी चालत असे. मराठीत आपण तिलाच वेठ म्हणतो. गावच्या देशमुखाने हाक मारावी आणि कारागिराने आपले काम टाकून त्याचे काम फुकट करावे, ही ती रीत. स्वखुशीने दिलेली सेवा आणि वेठ यांत दिसावयास फरक नसतो. दोन्ही बिनमोल असतात. फरक असतो तो फक्त नाही म्हणण्याच्या मोकळिकीत. हजार माणसांची गरज एकाच्या दारी येऊन बसली की ती मोकळीक हळूहळू नाहीशी होते. जानेवारी २०१९ मध्ये वॉटकिन्सने आपण स्लीपीहेडचे काम थांबवीत आहोत असे जाहीर केले. तो थकला होता.

अशा वेळी बहुतेक कामे संपतात. हे संपले नाही, आणि त्याचे पहिले कारण वॉटकिन्सने स्वतःच आधी करून ठेवले होते. त्याने आज्ञावलीची मूळ संहिता ‘जीपीएल’ या मुक्त परवान्याखाली उघडी ठेवली होती. या परवान्याचा अर्थ असा की, कोणीही ती संहिता घ्यावी, वाचावी, सुधारावी, वाटावी. मात्र सुधारलेली प्रत वाटताना तिची संहिताही त्याच अटींवर खुली ठेवावी. ‘ॲप्निया बोर्ड’ या रुग्णांच्या मंडळातील काही जाणकारांनी ती संहिता उचलली आणि २०१९ सालातच ‘ऑस्कर’ या नव्या नावाने काम पुढे सुरू केले. नवे नाव घेणे मला फार शहाणपणाचे वाटते. जुने नाव लावले असते तर प्रत्येक चुकीची तक्रार पुन्हा त्या थकलेल्या माणसाकडे गेली असती.

दुसरे कारण असे की, काम एका हातातून एका हातात गेले नाही. ते अनेक हातांत वाटले गेले. कोणी एका कंपनीच्या यंत्रापुरते पाहतो, कोणी भाषांतर, कोणी तपासणी. चूक कळविणाऱ्याने आपल्या कार्डाची नोंद नमुन्यादाखल द्यावी, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या यंत्रांना बाधत नाही ना, हे ताडून पाहता येते. २०२१ साली ‘एअरसेन्स ११’ हे नवे यंत्र निघाले. बंद पडलेल्या स्लीपीहेडला त्याची नोंद वाचता येणे शक्य नव्हते. ऑस्करच्या मंडळींनी ती सोय केली. त्याच वर्षी जूनमध्ये फिलिप्स कंपनीने आवाज दाबणाऱ्या फेसाच्या दोषामुळे आपली लक्षावधी यंत्रे परत बोलाविली. ज्यांना यंत्र बदलावे लागले त्यांच्या जुन्या आणि नव्या नोंदी दोन वेगळ्या कंपन्यांच्या कुलपांत अडकल्या असत्या. त्या एकाच पडद्यावर शेजारी ठेवता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु थकलेल्या माणसाच्या हातून काम घ्यावयाचे, ते कोणीही आणि कसेही घ्यावे असे मात्र नाही. याचा एक भयंकर दाखला अलीकडचा आहे. फाइली दाबून लहान करणारी ‘एक्सझेड’ नावाची एक आज्ञावली जगातील असंख्य संगणकांत असते. ती फिनलंडचा लासे कॉलिन हा जवळजवळ एकटाच सांभाळी. आपली शक्ती कमी पडते, असे त्याने २०२२ साली मोकळेपणाने लिहिले. तेव्हा काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दडपण आणले, की काम दुसऱ्यास दे; आणि ‘जिया टॅन’ या नावाचा एक मदतनीस तर आधीच हजर होता. त्याने सुमारे दोन वर्षे निमूटपणे उपयोगी काम केले, विश्वास मिळविला, आणि २०२४ च्या आरंभी आज्ञावलीत एक चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञास आपल्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढीच शंका आली आणि त्याने तो शोधून काढला. त्या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही. एकट्याच्या थकव्यात केवळ काम बंद पडण्याचा धोका नसतो. चोराला वाट सापडण्याचाही असतो.

आपल्याकडे या गोष्टी अगदीच नव्या आहेत असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड एकहाती काढले, पायपीट करून दप्तरे जमविली, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे ते मंडळापासून दुरावले आणि धुळ्यास राहिले. तेथेच १९२६ साली त्यांचे निधन झाले. मंडळ मात्र चालू राहिले, कारण कागद इमारतीत होते, एकाच्या ट्रंकेत नव्हते. ही तुलना मी फार ताणणार नाही. जुना कागद कपाटात पन्नास वर्षे निमूट पडून राहतो. आज्ञावलीला मात्र नवे यंत्र आले की दोन वर्षांत वार्धक्य येते. तिला नुसती जपणूक पुरत नाही, रोजची मशागत लागते.

माझ्या पुतण्याने नांदेडहून येऊन ऑस्कर माझ्या संगणकावर बसविला. तो मोफत आहे आणि नोंदी आपल्याच संगणकात राहतात. कार्ड घातले आणि माझी मागील तीन महिन्यांची झोप पडद्यावर उमटली. पहाटे तीनच्या सुमारास गळतीची रेघ रोज डोंगरासारखी वर जाई. “काका, तुम्ही या वेळी कुशीवर वळत असाल, मास्क सरकत असेल,” तो म्हणाला. पट्टा बदलला आणि डोंगर उतरला. यंत्राचा दाब मात्र मी स्वतः बदलला नाही, आणि श्रोतेहो, आपणही बदलू नये. ही आज्ञावली वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही, हे तिच्या कर्त्यांनीच स्पष्ट लिहिले आहे. आलेख कागदावर काढून मी तो डॉक्टरांकडे नेला. त्यांनी प्रथम भुवई उंचावली, मग चष्मा लावला आणि पाऊण तास बोलत बसले.

माझ्या यंत्रावरील एक आकडा ऑस्करमध्ये किंचित निराळा दिसत होता. पुतण्या चिडून तक्रार लिहावयास बसला. मी त्याला थांबविले. आम्ही दोघांनी मिळून यंत्राचा नमुना क्रमांक, तारीख, दोन्ही आकडे आणि नोंदीचा तुकडा, एवढे नीट मांडून पाठविले, आणि शेवटी उत्तराची घाई नाही असे लिहिले.

नंतर त्याने मला ऑस्करची मूळ संहिता उघडून दाखविली. त्यातील इंग्रजी मला थोडे समजते, बाकीचे नाही. तीत वॉटकिन्सने लिहून ठेवलेली एक टीप पुढील मंडळींनी तशीच राखली आहे. इतरांची पिळवणूक कमी व्हावी म्हणून आपण हे काम केले. त्याचाच उपयोग कोणी लोकांना लुबाडण्यासाठी केला तर काम करण्याची उमेद राहत नाही. यावरून काही बनवून विकणार असाल तर मूळ कामाचा उल्लेख ठळकपणे करा, असा तिचा आशय आहे. खाली त्याचे नाव आणि वर्षे आहेत : २०११ ते २०१८.