मोबाईल खाली ठेवल्यावर मूल काय करते?

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. आई नुकतीच कामावरून आलेली. भात चढवायचा आहे, नळाला पाणी आले आहे, आणि चार वर्षांचे पोर पदराला धरून रडते आहे. अशा वेळी हातात मोबाईल दिला की पोर गप्प बसते. हे चित्र आम्ही आमच्या वस्तीत रोज पाहतो. आमच्या स्वतःच्या घरातही ते पाहिलेले आहे. म्हणून या लेखात कोणत्याही आईला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला अर्धा तास निवांत हवा असतो, हे आम्ही जाणतो.

पण पालकहो, 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हीच शाळा झाली. पुढे शाळा उघडल्या, तरी मोबाईल मुलांच्या हातात राहिलाच. 'त्याच्यावर शिकायचं असतं' असे मुले सांगतात आणि आपणही मान्य करतो. खरोखर किती शिकले, हे मात्र आपण तपासत नाही.

आमच्या गल्लीतील एका कुटुंबाची हकिकत सांगतो. वडील रखवालदार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. एके दिवशी 'शिकवणारे ॲप' विकणारा एक तरुण घरी आला. अतिशय गोड बोलणारा. पहिलीतल्या मुलीला त्याने चार अवघड प्रश्न विचारले. तिला ते आले नाहीत. 'आत्ताच लक्ष दिलं नाही तर पोरगी मागे पडेल' असे सांगून त्याने वडिलांची सही घेतली आणि दरमहा हप्ता कापला जाऊ लागला. धडे सगळे इंग्रजीत. मुलीने आठ दिवस पाहिले आणि सोडून दिले. हप्ता मात्र सुटेना. तो थांबवण्यासाठी त्या माऊलीला कितीतरी दिवस कामावर खाडे करून फेऱ्या माराव्या लागल्या. पैसे गेले याचे दुःख आहेच. त्याहून जास्त दुःख आम्हाला तिच्या एका वाक्याचे झाले. ती म्हणाली, "आम्ही शिकलेलो नाही, आमच्यानं पोरीचं काय होणार? म्हणून सही केली."

या समजुतीवरच हा सारा धंदा चालतो. ती खरी नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

निवड कशी करावी?

मुलाला एखादी वेबसाईट किंवा ॲप देण्यापूर्वी आईने किंवा वडिलांनी ते दहा मिनिटे स्वतः पाहावे आणि चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट भाषेची. मूल घरात मराठी बोलत असेल, तर गोष्ट आणि गणित त्याला मराठीतच आधी कळणार. इंग्रजी गाणे पाठ झाले म्हणजे इंग्रजी आले असे नाही.

दुसरी, मध्येच जाहिराती येतात का? पैसे भरा, मोबाईल नंबर द्या, फोटो टाका असे विचारले जाते का? विचारत असेल तर ते तिथेच बंद करावे. ज्या मोबाईलवर बँकेचे खाते जोडलेले आहे, तो लहान मुलाजवळ एकटा सोडू नये.

तिसरी, एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते का? गोष्टीला शेवट असला की मूल मान वर करते. व्हिडिओ एकामागून एक लागत राहिले तर ते तिथेच अडकते. यूट्यूबवर आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारे बटण असते, ते बंद करता येते. यूट्यूब किड्स या ॲपमध्ये वेळ लावून ठेवण्याची आणि शोधण्याची सोय बंद करण्याची व्यवस्था आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: मोबाईल खाली ठेवल्यावर मूल काय करते? पाहिलेली गोष्ट सांगते का? चित्र काढते का? काही करून पाहते का? की फक्त मोबाईलसाठी रडते? या एका प्रश्नाचे उत्तर कुठलाही विक्रेता देऊ शकत नाही. ते आईलाच दिसते, आणि त्यासाठी शिक्षणाची अट नाही.

मराठीत विनामूल्य काय आहे?

पैसे न भरता मिळणाऱ्या चांगल्या गोष्टी मराठीत आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या वेबसाईटवर विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तक फाटले, हरवले, तरी अभ्यास अडत नाही. पाठ्यपुस्तकात जो चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो, तो सरकारच्या दीक्षा या ॲपने स्कॅन केला की त्या धड्याशी संबंधित साहित्य उघडते. दीक्षा 2017 साली सुरू झाले.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या संस्थेने 2015 साली सुरू केलेले स्टोरीवीव्हर पाहावे. तिथे मराठीत भरपूर सचित्र गोष्टी आहेत. पहिल्या पातळीवर पानाला एखाद-दुसरे वाक्य, चौथ्या पातळीवर मोठी गोष्ट, अशी मांडणी आहे. गोष्ट उतरवून ठेवली की नेटपॅक संपला तरी वाचता येते. ज्या आईला वाचता येत नाही, तिने चित्रावर बोट ठेवून 'हे काय करतंय? आता काय होईल?' असे विचारावे. मूल स्वतःच गोष्ट रचते. मोठी ताई किंवा दादा घरात असेल, तर धाकट्याला रोज एक गोष्ट वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. दोघांचेही वाचन सुधारते.

हाताने करण्याच्या गोष्टींसाठी अरविंद गुप्ता यांची वेबसाईट आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या गृहस्थांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्यात आयुष्य घालवले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मराठी पुस्तकेही या वेबसाईटवर विनामूल्य वाचता येतात. त्यांच्या एका खेळात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढेच लागते. मोठ्या माणसाने काड्यांचे गूल खरवडून काढावे. नळीचे तुकडे सांधा म्हणून वापरून तीन काड्यांचा त्रिकोण करावा आणि चार काड्यांचा चौकोन. चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो. त्रिकोण दाबला तरी हलत नाही. बांधकामावर जाणाऱ्या वडिलांना याचे कारण कुणी शिकवायला नको. परांची डळमळू नये म्हणून तिरपा बांबू बांधतात तो याचसाठी. ते त्यांनी मुलाला सांगावे. हा धडा कुठल्याही ॲपपेक्षा वडिलांच्या तोंडून जास्त चांगला समजेल. फक्त तीन वर्षांखालील मुलाजवळ अशा बारीक वस्तू ठेवू नयेत. ती तोंडात घालतात.

किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली याविषयी स्पष्ट सांगितले आहे. एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान तीन तास हालचाल करावी आणि दहा ते तेरा तास झोपावे, असेही त्यात आहे. इतकी लहान मुले पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त शिकतात, कारण माणूस त्यांच्या बोलण्याला उत्तर देतो. म्हणून जेवताना आणि झोपताना मोबाईल नको, एवढा नियम तरी घरात करावा. तो मोठ्यांनीही पाळावा, नाहीतर मुले ऐकणार नाहीत.

शाळा घरातच आहे

मग उरलेल्या वेळात काय करायचे? 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडला गेले. बालशिक्षणाची विकतची साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, पाने, बिया, शिंपले यांचीच साधने केली. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज ज्या अंगणवाडीत आपली मुले जातात, त्या शब्दामागे हे कष्ट आहेत.

तेच आपल्या खोलीत करता येते. ताटात रव्याचा पातळ थर पसरून बोटाने अक्षर गिरवावे, चुकले की ताट हलवावे. मूग आणि हरभरे मिसळून निवडायला द्यावेत. बिस्किटाचा पुडा, साबणाचे वेष्टन, बसवरची पाटी यांत आपल्या नावातले पहिले अक्षर शोधायला लावावे. बाजारात गेल्यावर सुट्टे पैसे मुलाला मोजू द्यावेत. रात्री आजीने एक गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या रात्री तीच गोष्ट नातवाने आजीला सांगावी. विहारात किंवा समाजमंदिरात रविवारी एक तास वस्तीतील मुले एकत्र बसवली आणि एका मोबाईलवर उतरवलेली गोष्ट एका मुलीने सर्वांना वाचून दाखवली, तर दहा घरांचा नेटपॅक वाचेल.

आणि कोणी ॲप विकायला आला, तर त्याच दिवशी सही करू नका. आधी मुलाच्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा.

आमच्या गल्लीतील ती माऊली आता संध्याकाळी भात चढवताना वाटी मुलीच्या हातात देते. दोन वाट्या तांदूळ, चार वाट्या पाणी. पाहुणे आले तर किती, हे मुलगी हिशेब करून सांगते. परवा तिने आईचेच चुकलेले माप दुरुस्त केले. आई हसत हसत आम्हाला ते सांगायला आली होती.