विहिरीत पोहायला शिकलेली पोरं स्कूबाची परीक्षा पास होऊ शकतात का? काय असते ही परीक्षा आणि तयारी कशी करायची?

राळेगणसिद्धी म्हटलं की आठवतात नालाबांध, पाझर तलाव आणि अण्णा हजारे. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला, समुद्र इथून बराच लांब. तरी या भागातली पोरं पोहायला शिकतात. पाठीला डबा नाहीतर सुकलेला भोपळा बांधायचा आणि विहिरीत उडी टाकायची, ही पिढ्यान् पिढ्यांची पद्धत.

आता कोकणात मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा धंदा वाढलाय. तारकर्लीत राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची 'इसदा' ही प्रशिक्षण संस्थाही आहे. त्यामुळे 'आपल्याला पोहता येतं, मग डायव्हिंगमध्ये करिअर का नको?' असा प्रश्न दुष्काळी तालुक्यातल्या पोरांनाही पडू शकतो. उत्तर आहे, जमू शकतं. पण विहिरीतलं पोहणं आणि परीक्षेतलं पोहणं यात फरक आहे.

परीक्षा नेमकी कोणती?

पर्यटक म्हणून एकदा समुद्रात उतरायचं असेल तर पोहता आलंच पाहिजे असं नाही, कारण प्रशिक्षक सोबत असतो. पण 'ओपन वॉटर डायव्हर' या पहिल्या कोर्सला पोहण्याची चाचणी असते. 'पॅडी' या जगभर चालणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे न थांबता २०० मीटर पोहायचं किंवा मास्क, स्नॉर्कल, फिन्स लावून ३०० मीटर जायचं. शिवाय १० मिनिटं पाण्यावर तरंगायचं. इथे वेळेचं बंधन नसतं.

खरी कसोटी लागते 'डाइव्हमास्टर' होताना. ही डायव्हिंगमधल्या नोकरीची पहिली पायरी. वय किमान १८ लागतं, रेस्क्यू डायव्हरचा कोर्स झालेला लागतो आणि कोर्स सुरू करताना किमान ४० डाइव्ह नोंदवलेल्या लागतात. त्यात पोहण्याच्या चार चाचण्या असतात :

१. ४०० मीटर पोहणे. कोणताही स्ट्रोक चालतो, तरंगायला मदत करणारं साधन चालत नाही.
२. मास्क, स्नॉर्कल, फिन्स लावून ८०० मीटर. चेहरा पाण्यात ठेवायचा, हात मारायचे नाहीत, सगळं काम पायांचं.
३. १५ मिनिटं एका जागी तरंगणे. शेवटची २ मिनिटं दोन्ही हात पाण्याबाहेर.
४. पूर्ण साहित्य घातलेल्या, हालचाल न करणाऱ्या डायव्हरला पाण्यावरून १०० मीटर ओढत किंवा ढकलत नेणे.

प्रत्येक चाचणीला १ ते ५ गुण मिळतात. ४०० मीटर साडेसहा मिनिटांच्या आत पार केलं तर ५ गुण, ११ मिनिटांच्या आसपास असाल तर ३. मध्येच थांबलात तर मात्र चाचणी अपूर्ण. म्हणजे हळू चाललं तरी चालतं, थांबलेलं चालत नाही. इतर संस्थांचे निकष थोडे वेगळे असतात, त्यामुळे प्रवेशाआधी केंद्रात विचारून घ्यावं.

विहिरीतला पोहणारा कुठे कमी पडतो?

विहीर असते जेमतेम ८-१० मीटर रुंद. चार हात मारले की काठ आला, हात टेकला, श्वास घेतला. सलग अंतर कापायची सवयच लागत नाही. शिवाय बरेच जण डोकं वर ठेवून पोहतात. डोकं वर गेलं की पाय खाली जातात आणि पाण्याचा अडथळा वाढतो. २०० मीटरमध्येच दम निघतो.

पण विहिरीचा एक फायदाही आहे. खोल पाण्याची भीती गेलेली असते. आणि खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात तरंगणं अवघड असल्यामुळे इथे १५ मिनिटं तरंगणाऱ्याला समुद्रात ते सोपंच वाटतं.

मग तयारी कशी करायची?

आधी डॉक्टरांकडून तपासणी. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर ते सुरुवातीलाच कळलेलं बरं.

त्यानंतर मोजलेल्या लांबीचा तलाव गाठायचा. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात ५० मीटरचा आहे. तिथे ८ फेऱ्या म्हणजे ४०० मीटर, २५ मीटरच्या तलावात १६. सुरुवातीला ५० मीटर पोहून थोडी विश्रांती, असं आठ वेळा. दर आठवड्याला विश्रांती कमी करत न्यायची. ११ मिनिटांचं गणित सोपं आहे : दर १०० मीटरला पावणेतीन मिनिटं. पहिले १०० मीटर जोरात मारणारेच शेवटी अडकतात. श्वास पाण्यात सोडायचा, चेहरा बाजूला वळवून घ्यायचा.

८०० मीटरसाठी फिन्स लावूनच सराव हवा, नाहीतर पोटऱ्यांत गोळे येतात. पाय गुडघ्यातून नाही, मांडीपासून हलवायचे. तरंगताना बेडकासारखे पाय मारायचे आणि हात हळूहळू कामातून काढून घ्यायचे. ओढून नेण्याचा सराव प्रशिक्षकासमोरच करावा.

हे मात्र करू नका

सरावासाठी शेततळ्यात उतरू नका. अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेततळ्यात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या राज्यात वारंवार येतात.

दुसरं, पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा नकोत. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटणं त्यावरच अवलंबून असतं. त्यामुळे इशारा मिळायच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. यातली एकही चाचणी श्वास रोखायची नाही, मग हा धोका कशाला?

आणि एकट्याने पोहायचं नाही. डाइव्हमास्टरचं कामच मुळात दुसऱ्याला सुखरूप परत आणायचं आहे. काठावर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं, ही सवय विहिरीपासूनच लावून घेतलेली बरी.