जुन्नर : घाटवाटेने घडवलेले शहर

पुण्याहून सुमारे ९५ किलोमीटरवर असलेल्या जुन्नरला येणारी बहुतेक वाहने थेट शिवनेरीच्या पायथ्याशी जाऊन थांबतात. शिवजन्मस्थानी माथा टेकवायचा, शिवाईदेवीचे दर्शन घ्यायचे, मग लेण्याद्री आणि ओझर हे अष्टविनायकांतले दोन गणपती करायचे, की जुन्नर पाहून झाले, असा रिवाज पडला आहे. श्रद्धेच्या दृष्टीने त्यात काहीच उणे नाही. पण अशा फेरीत गड एकीकडे राहतो, लेणी दुसरीकडे, आणि शहराकडे तर कुणी वळूनही पाहत नाही. या तालुक्यातले गड, लेणी, घुमट आणि बाजारपेठ यांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे नाणेघाटाची वाट. ती आधी पाहिली, तर उरलेले जुन्नर आपोआप उलगडत जाते, शिवनेरीसुद्धा.

शहराच्या पश्चिमेला साधारण ३० किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा तुटतो आणि एका अरुंद खिंडीतून फरसबंदीची वाट कोकणात वैशाखऱ्याच्या बाजूला उतरते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने घाटावर चढे आणि जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. खिंडीच्या तोंडाशी कातळात खोदलेले एक दालन आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी दक्षिणा म्हणून दिली, याचा आकड्यांसह हिशेब त्यात आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे एवढेच शिल्लक आहे. राजघराण्याने आपली ओळख अशा वाऱ्यापावसाच्या खिंडीत का कोरून ठेवावी? कारण राज्याची तिजोरी भरणारा प्रत्येक तांडा इथूनच जात होता. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. तो तसा नसला, तरी लेखाची जागाच पुरेशी बोलकी आहे.

लेण्यांचे तसे नाही, भिक्खूंना एकांत हवा होता म्हणून त्यांनी डोंगर निवडले, व्यापाराशी त्याचा काय संबंध, असा आक्षेप यावर घेतला जाईल. एकांत हवा होता हे खरेच. पण एकांताचे डोंगर सह्याद्रीत सगळीकडे आहेत, आणि दोनशेहून अधिक लेणी मात्र जुन्नरच्याच भोवती आहेत. ती कुणाच्या पैशाने खोदली, हे तिथले शिलालेखच सांगतात. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींची, म्हणजे व्यवसायसंघांची, दाने त्यांत नोंदलेली आहेत. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने (ग्रीकाने) भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचे दान कोरलेले आहे. तुळजा लेण्यातले बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह किंवा लेण्याद्रीचे खांबाविना तोललेले विस्तीर्ण दालन, ज्यात पुढे गिरिजात्मज विराजमान झाला, ही कामे भरभराटीच्या बाजारपेठेच्या आधाराशिवाय उभी राहिली नसती.

वाट आली की पहारा आला. घाटाच्या तोंडाशी जीवधन, मग चावंड, हडसर आणि शहराच्या डोक्यावर शिवनेरी, ही किल्ल्यांची माळ या वाटेच्या राखणीसाठीच आहे. ज्याच्या हाती जुन्नर, त्याच्या हाती कोकणातला माल, हे गणित मध्ययुगातही बदलले नाही. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभारली ती जुन्नरच्या बळावर. पुढे मलिक अंबरनेही काही काळ निजामशहाची राजधानी इथेच ठेवली. जुन्नरी कागद नावाजलेला होता. हापूसबागेतला सौदागर घुमट आजही शहराच्या त्या काळच्या ऐश्वर्याची साक्ष देतो. मात्र तिकडे फिरकणारे प्रवासी थोडेच.

खरा आक्षेप यापुढचा आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जिथे जन्मले, त्या गडाला वाटेचा पहारेकरी म्हटले, तर त्याचे मोल कमी होत नाही का? उलट ते वाढते. शहाजीराजांच्या धामधुमीच्या काळात जिजाऊसाहेबांसाठी हा गड निवडला गेला, कारण तो बेलाग होता. एकामागून एक सात दरवाजे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, धान्याचा अंबरखाना ही सगळी सिद्धता शतकानुशतके वाट राखताना झालेली होती. महाराजांनीही जुन्नरचे मर्म ओळखले होते. १६५७ मध्ये रात्री तटावर दोराच्या शिड्या लावून त्यांच्या माणसांनी शहरावर छापा घातला आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. जन्मगड मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही; मोगलांनी तो सोडलाच नाही. ही रुखरुख समजून घ्यायची, तर जुन्नरचे मोल आधी समजले पाहिजे.

एवढे पाहायला वेळ कुणाला, असे कुणी म्हणेल. पण दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी सकाळी नाणेघाट आणि परतताना चावंडजवळचे कुकडेश्वर मंदिर. दुसऱ्या दिवशी लेण्याद्री, मानमोडी आणि शेवटी शिवनेरी. अंगात ताकद असणाऱ्यांनी शिवनेरीच्या साखळीच्या वाटेकडची लेणीही जाणकाराच्या सोबतीने पाहावीत. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांत शिवनेरी आहे, याचा अभिमान वाटायलाच हवा. त्या मान्यतेमुळे रस्ते, निधी आणि गर्दी या गडाकडे येईल. त्यातला वाटा नाणेघाटातल्या झिजत चाललेल्या अक्षरांना, हापूसबागेतल्या घुमटाला आणि मानमोडीच्या पायवाटेलाही मिळाला पाहिजे. ज्या वाटेने शिवनेरीला गडपण दिले, ती उपेक्षित ठेवून गडाचे जतन पुरे होणार नाही.