जखमी जवानाचा संसार

मणक्याला इजा होऊन जवानाचे कमरेखालचे अंग लुळे पडले की त्याचा संसारही बदलतो. पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, लघवीची नळी सांभाळावी लागते. ही कामे बहुधा पत्नीवर येतात. नवऱ्याला ओझे झाल्याची बोच लागते, बायको थकते आणि दोघांत अबोला वाढतो.

महाराष्ट्रात अशा जवानांसाठी खडकीला जुनी व्यवस्था आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी संस्था पुढे खडकीला आली. तिथेच १९७४ पासून पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र चालते. व्हीलचेअरवरचे खेळ, तोंडात कुंचला धरून चित्रकला, व्यवसायशिक्षण यांतून जवानाला पुन्हा कर्तेपण मिळते.

थेट नवरा-बायकोच्या नात्यावर काम करणारा उपक्रम अमेरिकेत आहे. ‘सॅमॅरिटन्स पर्स’ ही ख्रिस्ती संस्था २०१२ पासून जखमी सैनिक व त्यांच्या जोडीदारांना आठवडाभर अलास्कातील पोर्ट ऑल्सवर्थ येथे नेते. सकाळी बायबलवर आधारित विवाहवर्ग, दुपारी मासेमारी किंवा भटकंती असते. सैन्यात सेवा केलेले धर्मोपदेशक समुपदेशन करतात. इच्छुक जोडपी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतात आणि घरी परतल्यावरही संस्था संपर्क ठेवते.

आपल्याकडे नांदेड जिल्ह्यातील भोकरसारख्या तालुक्यातील माजी सैनिकांना नांदेडचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय निवृत्तिवेतन व आर्थिक मदतीच्या कामी येते. उपचार आणि पैशाइतकीच नवरा-बायकोच्या एकत्रित समुपदेशनाचीही अशा घरांना गरज असते.