सोन्यावर लिहिलेलं पत्र

जर्मनीत हॅनोव्हरच्या लायब्निट्स ग्रंथालयात एक सोन्याचा पत्रा जवळजवळ अडीचशे वर्षं जपून ठेवलेला होता. लांबी सुमारे ५५ सेंटिमीटर, रुंदी साडेआठ. कडेला २४ माणकं जडवलेली, डावीकडे हंसाची मुद्रा आणि गोल वळणाच्या अक्षरांच्या दहा ओळी. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कुणा हिंदुस्थानी राजाचं पत्र, अशी जुनी नोंद होती आणि तीच खरी धरली जात होती.

२००६ मध्ये इतिहासकार जॅक लायडर यांनी ते हाती घेतलं. अक्षरं बर्मी निघाली. वाचन मात्र सोपं नव्हतं. १७६८ मध्ये डेन्मार्कचा एकोणीस वर्षांचा राजा सातवा ख्रिस्तियान हे नवल बघायला आला होता, तेव्हा त्याच्या हाताळणीत पत्रा चुरगळला होता. ओळी हळूहळू लागत गेल्या तसं पत्र कुणाचं आणि कुणाला, ते उलगडलं. ब्रह्मदेशाचा राजा अलौंगपाया यानं ७ मे १७५६ रोजी ब्रिटनच्या दुसऱ्या जॉर्जला ते लिहिलं होतं.

इरावतीच्या मुखाशी असलेल्या नेग्राइस बेटावर ईस्ट इंडिया कंपनीनं ठाण मांडलं होतं. अलौंगपाया तेव्हा पेगूच्या मोन राज्याशी लढत होता, फ्रेंच मोनांच्या बाजूला होते आणि त्याला तोफा-बंदुका हव्या होत्या. त्यानं कंपनीला पाथेइनला वखारीसाठी जागा देऊ केली आणि एका राजानं दुसऱ्याला लिहावं तसं, बरोबरीच्या नात्यानं, मैत्रीचा हात पुढे केला.

पत्र लंडनला पोचलं १७५८ च्या मार्चमध्ये. जॉर्ज हॅनोव्हरचाही अधिपती होता. त्यानं काही आठवड्यांतच ते तिकडच्या ग्रंथालयात धाडून दिलं. उत्तर दिलंच नाही. मला हेच फार बोचतं. सोनं पारखलं गेलं, माणकं मोजली गेली, पण मजकुराची दखल घ्यावी असं कुणाला वाटलं नाही.

१७५९ मध्ये, कंपनी मोन बंडखोरांना शस्त्रं पुरवते या संशयावरून, अलौंगपायाच्या माणसांनी नेग्राइसच्या वखारीत कत्तल केली. पुढच्याच वर्षी तो वारला.

त्याच्या घराण्याचा शेवटचा राजा आपल्याला चांगला ठाऊक आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबाला गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला.